गच्चीवरचं पाऊसपाणी: टाकी घेण्याआधी काय करायचं आणि नंतर काय

गच्चीवरचं पाणी साठवायचं ठरलं की बहुतेक जण आधी टाकी विकत घेतात. मग तिला जागा शोधली जाते, प्लंबर जवळचा पाइप कापून तिच्यात सोडतो आणि मध्ये कुठेतरी एक गाळणी बसवतो. पहिल्या जोरदार सरीत गाळणी तुंबते, पाणी भिंतीवरून वाहतं, महिन्याभरात टाकीत डासांच्या अळ्या होतात. पुढच्या पावसाळ्यात तोच पाइप परत गटाराकडे वळवलेला दिसतो. वस्तू सगळ्या बरोबर असतात, क्रम तेवढा चुकलेला असतो.

खालचा क्रम काहींना उलटा वाटेल. पाणी कशाला वापरायचं आणि जास्तीचं कुठे जाणार, हे सर्वांत आधी ठरवायचं. टाकी अगदी शेवटी. आणि एक गोष्ट पूर्ण वेळ लक्षात ठेवायची: छतावर पडलेलं पाणी मुळात उंचावर असतं. ते जमिनीखाली सोडून पंपाने परत वर चढवलं, तर पाणी वाचेल पण वीज वाचणार नाही.

## १. आधी शेवट ठरवा: वापर आणि ओव्हरफ्लो

पावसाच्या पाण्याला सर्वांत चांगलं गिऱ्हाईक म्हणजे संडासाची फ्लश टाकी. ती रोज लागते, पाऊस असो वा नसो. चार माणसांच्या घरात माणशी पाच वेळा, दर वेळी ८ लिटर धरले तर दिवसाला १६० लिटर होतात. त्यात फरशी पुसणं आणि थोडं धुणं धरलं की २०० लिटरचा रोजचा खप पक्का.

बरेच जण पाणी बागेसाठी साठवतात. कल्पना चांगली वाटते, पण जेव्हा पाऊस पडतो तेव्हा झाडांना पाणी नको असतं. टाकी पहिल्या दोन सरींत भरते आणि भरलेलीच राहते. जी टाकी रिकामी होत नाही, ती नवं पाणी घेऊ शकत नाही. म्हणून रोजचा खप आधी जोडा, बाग नंतर.

पिण्यासाठी? शहरातल्या छतावर काजळी, पक्ष्यांची विष्ठा, रस्त्यावरची धूळ बसते. पहिल्या वर्षी पिण्याचा विचार सोडून द्या. फ्लशचं काम नीट चाललं, पाणी स्वच्छ येतंय असं दिसलं, की मग पुढचं. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

आता ओव्हरफ्लो. टाकी भरल्यावर पडणारं पाणी कुठे जाईल याचं उत्तर आजच हवं. पर्याय दोनच: जमिनीत मुरवणं किंवा पावसाळी गटारात सोडणं.

इशारा: ओव्हरफ्लोचा पाइप सांडपाण्याच्या लाइनला कधीही जोडू नका. जोराच्या पावसात ती लाइन तुंबली की मैला उलटा टाकीत येतो. पायाच्या कडेला मोकळं सोडणंही चुकीचं, भिंतीत ओल चढते.

## २. गच्चीची पाहणी

पावसाळ्याच्या निदान दोन महिने आधी, कोरड्या दिवशी, दहा-बारा बादल्या पाणी घेऊन गच्चीवर जा. वेगवेगळ्या कोपऱ्यांत पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. तासाभराने जिथे डबकं उरलेलं दिसेल तिथे खडूने खूण करा. ढाळ मीटरमागे निदान एक सेंटिमीटर असायला हवा. डबकी आधी गवंड्याकडून भरून घ्या. हे काम पाइप बसवल्यावर केलं तर सिमेंटचा चुरा थेट टाकीत जातो.

मग घाण कुठून येते त्याची यादी करा: वर झुकलेल्या फांद्या, कबुतरांची बसायची जागा, स्वयंपाकघराच्या चिमणीचं तोंड, कुंड्यांखालून वाहणारी माती, कपडे किंवा भांडी धुण्याची जागा. गच्चीचा एखादा कोपरा फारच खराब असेल तर त्याचं पाणी सरळ सोडून द्या. शंभर चौरस मीटरमधले पंधरा गेले तरी बिघडत नाही, उरलेलं पंचाऐंशीचं पाणी स्वच्छ राहतं.

छत कशाचं आहे हेही बघा. काँक्रीट, फरशी, रंग दिलेला किंवा जस्ताचा पत्रा चालतो. अॅस्बेस्टॉसचे पत्रे, डांबरी थर, शिशाचा रंग किंवा शिशाची पट्टी असेल तर ते पाणी फ्लश आणि फरशीपुरतंच ठेवा. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, धातू त्यात हळूहळू विरघळतात.

सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट बाल्कनीची. अनेक इमारतींत खालच्या मजल्यांच्या बाल्कनीतलं पाणी त्याच उभ्या पावसाळी पाइपला जोडलेलं असतं, आणि बाल्कनीत कुणी वॉशिंग मशिन ठेवलेलं असतं. वरून शुद्ध पाणी येतंय असं समजून तुम्ही साबणाचं पाणी साठवता.

तपासा: प्रत्येक बाल्कनीच्या जाळीत थोडं रंगीत पाणी ओता आणि खाली कुठल्या पाइपातून बाहेर येतं ते बघा. ज्या पाइपातून रंग आला, तो पाइप योजनेतून बाद. नाहीतर बाल्कनीची जोडणी वेगळी करून घ्या.

## ३. हिशेब: वर्षाचा नाही, दिवसांचा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. यापलीकडे गणित नाही. फक्त सगळं पाणी हाती येत नाही: काँक्रीट थोडं शोषतं, थोडं उडतं, थोडं बाष्प होतं. सपाट काँक्रीटसाठी ०.८ आणि पत्र्यासाठी ०.९ धरा.

लिटर = छताचं क्षेत्रफळ × पाऊस मिलिमीटरमध्ये × हा गुणक

१०० चौरस मीटरच्या स्लॅबवर २० मिमी पाऊस झाला तर १०० × २० × ०.८ म्हणजे १,६०० लिटर. उतरतं छत असेल तर उताराची लांबी मोजू नका, त्याखाली जमिनीवर किती जागा झाकली जाते ती मोजा.

चूक इथून पुढे होते. वर्षाचा पाऊस १,००० मिमी असेल तर तेच सूत्र ८०,००० लिटर दाखवतं आणि माणूस तो आकडा डोक्यात ठेवून टाकी निवडायला जातो. टाकीचा आकार वर्षाच्या बेरजेवरून ठरत नाही. दोन सरींमध्ये किती कोरडे दिवस जातात आणि रोजचा खप किती, यावरून ठरतो.

वहीत पाच रकाने आखा: आज टाकीत किती, आज छतावरून किती आलं, किती वापरलं, किती वाहून गेलं, उद्या किती उरलं. तुमच्या भागातल्या गेल्या पावसाळ्याच्या रोजच्या नोंदी घ्या आणि वेगवेगळ्या आकाराच्या टाक्या घालून बघा. समजा टाकी २,००० लिटरची, आत १,२०० उरलेत. ३० मिमीची सर आली, २,४०० लिटर उतरले, छताची घाण धुणारे पहिले १०० सोडून दिले. टाकीत जागा ८०० चीच, १,५०० वाहून गेले. टाकी ५,००० ची असती तर सगळं मावलं असतं. पण पुढच्या चार दिवसांत परत पाऊस येणारच असेल तर ते जास्तीचं पाणी असूनही उपयोग नव्हता. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी अशा चालवल्या की ज्या आकारापुढे फायदा वाढत नाही तो आकार आपोआप दिसतो.

उन्हाळ्यासाठी साठवायचा मोह आवरा. रोज २०० लिटर धरून २०० कोरड्या दिवसांना ४०,००० लिटर लागतील, म्हणजे चार बाय चार मीटरची अडीच मीटर उंच खोली काठोकाठ. एवढी जागा एका घराकडे बहुधा नसते. टाकी पावसाळ्यातले खंड भरून काढते, बाकीचं पाणी जमिनीत मुरवायचं.

## ४. टाकी किती उंचीवर: विजेचा प्रश्न इथे सुटतो

१,००० लिटर पाणी एक मीटर वर उचलायला ०.००२७ युनिट ऊर्जा लागते. घरगुती पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास धरली तर प्रत्यक्षात ०.००७ युनिट. म्हणजे पंधरा मीटर उंच इमारतीवर हजार लिटर चढवायला साधारण ०.१ युनिट, आणि शंभर मीटर खोल बोअरवेलमधून काढायला ०.७ युनिट.

आकडे प्रामाणिकपणे वाचा. कमी उंचीच्या घरात पावसाच्या पाण्याने विजेचं बिल फारसं उतरणार नाही. खोल बोअरवेल, टँकर किंवा लांबून पंप करत आणलेलं पाणी वापरणाऱ्यांचा फायदा मोठा. समुद्राचं पाणी गोडं करून पुरवलं जात असेल तर त्या प्रत्येक हजार लिटरमागे तीन-चार युनिट गेलेली असतात, ती सगळी वाचतात.

पण उलटंही होतं, आणि तेच जास्त दिसतं. पावसाच्या टाकीला एक छोटा स्वयंचलित दाबपंप लावला जातो. प्रत्येक फ्लशला तो काही सेकंदांसाठी सुरू होतो आणि बंद होतो. अशा पंपाची कार्यक्षमता सुरू-बंद होण्यातच जाते. हजार लिटरमागे तो एक युनिट किंवा त्याहून जास्त वीज खाऊ शकतो. नळाचं पाणी त्याच्याहून स्वस्तात आलं असतं.

म्हणून जागा शोधताना वरून खाली या:

जिन्याच्या खोलीचं छत किंवा गच्चीवरची पत्र्याची शेड. ही गच्चीपेक्षा उंच असते, त्यामुळे तिचं पाणी गच्चीवरच ठेवलेल्या टाकीत आपोआप पडतं. पंधरा चौरस मीटरचं छत २० मिमी पावसात २४० लिटर देतं, म्हणजे एका घराचा दिवसाचा फ्लश, पंपाशिवाय. हे छत जवळजवळ प्रत्येक इमारतीवर असतं आणि जवळजवळ कुणीही मोजत नाही.

मुख्य गच्चीचं पाणी गच्चीवरच्या टाकीत जाणार नाही हे उघड आहे, तिथे टाकीचं तोंड गच्चीच्या वर असतं. त्या पाण्यासाठी एक-दोन मजले खालचा सज्जा, खालच्या पातळीवरची दुसरी गच्ची किंवा बाजूला भक्कम स्टँड बघा. त्या टाकीखालच्या मजल्यांचे फ्लश नुसत्या उतारावर चालतील. दर मीटर उंचीला ०.१ बार दाब मिळतो. फ्लश टाकी मीटर-दीड मीटरवरही भरते, फक्त तिच्यातला फ्लोट व्हॉल्व्ह (तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारी झडप) कमी दाबाचा हवा. स्वयंचलित वॉशिंग मशिनला मात्र बहुतेक वेळा तीन ते पाच मीटर लागतात.

यातलं काहीच जमत नसेल आणि टाकी जमिनीवरच ठेवावी लागत असेल, तर दाबपंप टाळा. दिवसातून एकदा चालणारा साधा पंप लावून वरची छोटी फ्लशची टाकी भरा. सलग चाललेला पंप कमी वीज घेतो.

इशारा: २,००० लिटर पाणी म्हणजे दोन टन. स्लॅब, सज्जा किंवा स्टँड तेवढं पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं. बाल्कनी तर पुढे आलेली असते, तिच्या टोकाला टाकी ठेवू नका.

## ५. पन्हाळ आणि उभे पाइप

१०० चौरस मीटरवर तासाला १०० मिमी वेगाने पाऊस कोसळला तर मिनिटाला सुमारे १६० लिटर पाणी उतरतं. एवढ्या तीव्रतेच्या पावसात १०० मिमी व्यासाचा एक उभा पाइप साधारण ४० चौरस मीटर छत सांभाळतो. म्हणजे शंभर चौरस मीटरला तीन तोंडं हवीत. एकाच पाइपात सगळं घुसवायचा प्रयत्न केला की गच्ची तलाव होते.

प्रत्येक तोंडावर घुमटाकार जाळी बसवा. सपाट जाळीवर एक प्लॅस्टिकची पिशवी आली की तोंड बंद. पत्र्याच्या छताला पन्हाळ लावताना उतार मीटरमागे निदान अर्धा सेंटिमीटर ठेवा आणि आधाराच्या पट्ट्या जवळजवळ घ्या. पाणी भरलं की पन्हाळ मध्येच खचते आणि तिथे कायमचं डबकं राहतं.

पुढे दोन पाइप एकत्र येत असतील तर एकत्र झाल्यानंतरचा पाइप मोठा घ्या. प्लंबर हाताशी असलेला रिड्यूसर (मोठ्या पाइपाला लहान पाइप जोडणारा सांधा) लावून मोकळा होतो, तिथे उभं राहून थांबवा. आडव्या पाइपाला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या. बारा मीटर आडवा नेला तर बारा सेंटिमीटर उंची गेली, ती टाकीच्या उंचीत आधीच धरलेली हवी. काटकोनी एल्बोऐवजी (वळणाच्या सांध्याऐवजी) ४५ अंशांचे दोन लावले तर कचरा अडकत नाही. उन्हात राहणाऱ्या साध्या पीव्हीसी पाइपांना रंग द्या, नाहीतर ते काही वर्षांत ठिसूळ होतात.

तपासा: पाइप कुठेही खाली जाऊन परत वर येत नाही ना? असा खोलगा दिसला तर त्याच्या तळाशी पाणी काढायचा व्हॉल्व्ह हवाच. तिथलं साचलेलं पाणी डासांचं घर होतं आणि पुढच्या सरीत तेच आधी टाकीत जातं.

## ६. पहिलं पाणी सोडून देणं

सगळ्यात जास्त गोंधळ याच टप्प्यावर. कोरड्या दिवसांत छतावर बसलेली घाण पहिल्या एक-दोन मिलिमीटर पावसात धुऊन निघते. ते पाणी टाकीत जाता कामा नये. याला फर्स्ट फ्लश म्हणतात.

पहिली चूक म्हणजे वेळेने मोजणं. 'पहिली दहा मिनिटं सोडा' असं सर्रास सांगितलं जातं. रिमझिम पावसात दहा मिनिटांत छत नीट भिजतही नाही. मुसळधार पावसात दहा मिनिटांत दहा-पंधरा मिलिमीटर पाणी गेलेलं असतं, म्हणजे हजारभर लिटर चांगलं पाणी फुकट. घाण पाण्याच्या मापाने धुतली जाते, घड्याळाने नाही.

दुसरी चूक मापाची. बऱ्यापैकी स्वच्छ छताला अर्धा मिलिमीटर, शहरातल्या साधारण छताला एक, रहदारीच्या रस्त्यालगत किंवा झाडांखाली दोन मिलिमीटर धरा. १०० चौरस मीटरला एक मिलिमीटर म्हणजे १०० लिटर. आता बाजारात मिळणारा उभा पाइपाचा तुकडा बघा: ११० मिमीच्या पाइपात मीटरमागे साडेआठ लिटर, १६० मिमीच्या पाइपात साडेअठरा लिटर मावतात. मीटरभर तुकडा लावून 'फर्स्ट फ्लश बसवला' म्हणणं म्हणजे शंभराऐवजी आठ लिटर सोडणं. एवढ्या छताला १६० मिमीचा साडेपाच मीटर पाइप लागेल, किंवा सरळ शंभर लिटरचं पिंप. छताची तीन तोंडं वेगवेगळी उतरत असतील तर प्रत्येकाला त्याच्या वाट्याएवढं माप.

तिसरी चूक हाताने उघडायचा व्हॉल्व्ह. रात्री दोनला पाऊस सुरू होतो तेव्हा तो कुणी उघडत नाही. एकदा उघडला की बंद करायचं विसरतं, मग सगळा पावसाळा गटारात. त्याऐवजी अशी रचना करा:

१. टाकीकडे जाणाऱ्या आडव्या पाइपाच्या आधी टी (तीन तोंडांची जोडणी) लावा. तिचं खालचं तोंड उभ्या पाइपात किंवा पिंपात सोडा.
२. आत तरंगणारा चेंडू ठेवा. भरत आलं की तो वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी टाकीकडे वळतं.
३. तळाशी फिरवून उघडणारी टोपी लावा. गाळ काढायला ती लागतेच.
४. टोपीला दोन-तीन मिलिमीटरचं छिद्र ठेवा. साठलेलं पाणी त्यातून हळूहळू झिरपून काही तासांत रिकामं होतं आणि पुढच्या पावसाला यंत्रणा तयार असते.

ते छिद्र बुजतं. हमखास बुजतं. मग पिंप भरलेलंच राहतं आणि पुढच्या सरीची सगळी घाण थेट टाकीत. छिद्राच्या आतून बारीक जाळीचा तुकडा लावला तर जरा जास्त टिकतं, पण डोळ्यांनी बघणं सुटत नाही.

## ७. गाळणी: टाकीआधी जाड, टाकीनंतर बारीक

तासाला ६० मिमीच्या पावसात १०० चौरस मीटर छतावरून सेकंदाला सव्वा लिटरहून जास्त पाणी येतं. वाळूची घरगुती गाळणी एवढं पाणी गाळू शकत नाही. ती टाकीच्या आधी बसवली की मागे पाणी तुंबतं आणि नेमक्या जोराच्या पावसातलं, म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत स्वच्छ पाणी बाहेर जातं.

टाकीच्या आधी फक्त जाळी ठेवा. एक मिलिमीटर भोकांची स्टीलची जाळी, तिरकी बसवलेली. पाणी खाली पडतं, पानं घसरून बाहेर पडतात. बारीक गाळणी, म्हणजे वाळूची किंवा कार्ट्रिजची, टाकीनंतर, घराकडे जाणाऱ्या पाइपावर लावा. तिथून पाणी मिनिटाला काही लिटरच जातं, त्यामुळे छोटी गाळणी पुरते. फ्लशसाठी तर बारीक गाळणी नसली तरी चालतं.

इशारा: वाळू आणि खडी भरण्याआधी पाणी नितळ येईपर्यंत धुवा. न धुतलेली वाळू पहिल्याच दिवशी गाळणी चोंदवते.

## ८. आता टाकी घ्या

अपारदर्शक, शक्यतो गडद रंगाची. उजेड आत गेला की शेवाळ धरतं. मग या पाच गोष्टी तपासून घ्या, टाकी बसवल्यानंतर त्या करणं त्रासाचं आहे.

येणारा पाइप वरून धबधब्यासारखा सोडू नका. तो तळापर्यंत न्या आणि शेवटी दोन एल्बोंनी तोंड वर वळवा. पाणी शांतपणे वर येतं, तळाचा गाळ ढवळत नाही. बाहेर जाणारा पाइप तळापासून निदान दहा-पंधरा सेंटिमीटर वर. गाळ काढायचा व्हॉल्व्ह अगदी तळाशी, स्वतंत्र. ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपाएवढा किंवा मोठा. येणारा १०० मिमीचा आणि ओव्हरफ्लो ४० चा, ही जोडी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ती कुणीतरी शिकवत असावं असं वाटतं. आणि पाचवं म्हणजे झाकण: घट्ट, कुलूप लागेल असं, मूल आत वाकू शकणार नाही असं.

ओव्हरफ्लो, हवेचा पाइप, येणारं तोंड, सगळ्यांवर एक मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी. डासाची अंड्यापासून वाढ गरम हवेत आठवडा-दहा दिवसांत होते, एक उघडं तोंड पुरतं.

## ९. घरातली जोडणी

पावसाचं आणि नळाचं पाणी एकाच पाइपात कधीही जोडू नका, मध्ये व्हॉल्व्ह असला तरी. व्हॉल्व्ह गळतो, कुणीतरी उघडा ठेवतो, आणि पुरवठ्याचा दाब गेला की टाकीतलं पाणी नळाच्या लाइनमध्ये ओढलं जातं. ते शेजाऱ्यांच्याही ग्लासात जाऊ शकतं.

पावसाच्या पाण्याला वेगळ्या रंगाचा स्वतंत्र पाइप घाला आणि जिथे उघडा नळ असेल तिथे 'पिण्याचं पाणी नाही' अशी पाटी लावा. पाऊस नसताना फ्लश चालू राहावेत म्हणून टाकीत नळाचं पाणी घालायचं असेल तर नळाचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर, हवेत मोकळं हवं. पाइप पाण्यात बुडालेला नको.

इथे एक चूक फार महागात पडते. नळाच्या पाण्याचा फ्लोट व्हॉल्व्ह टाकीच्या वरच्या पातळीला लावला जातो, जसा नेहमीच्या टाकीत असतो. मग टाकी सतत नळाच्या पाण्याने भरलेली राहते आणि पाऊस आला की सगळं ओव्हरफ्लोतून जातं. फ्लोट लांब दांड्याला किंवा दोरीला बांधून खाली सोडा, म्हणजे टाकीत १५–२० टक्केच पाणी उरलं की नळ सुरू होईल आणि थोडं भरल्यावर बंद. वरची जागा पावसासाठी मोकळी.

## १०. जास्तीचं पाणी मुरवणं

खड्डा खणण्याआधी जमीन विचारून घ्या. ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा करा, पाण्याने भरा, रात्रभर मुरू द्या. सकाळी परत भरा आणि तासाभरात पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. एक सेंटिमीटरही उतरलं नाही तर ती चिकणमाती आहे, तिथे शोषखड्डा म्हणजे नुसतं डबकं. त्या ठिकाणी खालच्या पाणी धरणाऱ्या थरापर्यंत जाणारं स्वतंत्र पुनर्भरण बोअर लागेल, आणि ते भूजलाच्या जाणकाराकडून आखून घ्या. पावसाळ्यानंतर पाणीपातळी जमिनीपासून तीन मीटरच्या आत येत असेल तर मुरवूच नका, तळघरात पाणी येईल.

पायापासून तीन ते पाच मीटर अंतर ठेवा, सेप्टिक टँकपासून निदान पंधरा. शंभर चौरस मीटर छताला एक ते दोन मीटर रुंद आणि दोन ते तीन मीटर खोल खड्डा साधारण पुरतो.

भरण्याचा क्रम: तळाशी मोठे दगडगोटे, त्यावर खडी, सर्वांत वर जाड वाळू. उलटं भरलेले खड्डे खूप दिसतात, कारण गाडीतून आधी वाळू उतरते. गाळ वाळूच्या वरच्या थरात अडकायला हवा, म्हणजे दरवर्षी वरचे चार बोटं खरवडून टाकता येतात. वाळू तळाशी गेली तर गाळही तिथेच जाऊन बसतो आणि सगळा खड्डा परत उपसावा लागतो. वाळू आणि खडीच्या मध्ये नायलॉनची जाळी अंथरा.

इशारा: वापरातल्या बोअरवेलमध्ये न गाळलेलं पाणी थेट सोडू नका. जमिनीवरची माती पाणी गाळते, बोअरच्या पाइपातून गेलेल्या घाणीला ती संधीच मिळत नाही. रस्त्यावरचं किंवा पार्किंगमधलं तेलकट पाणी तर अजिबात नाही.

## ११. पाऊस येण्याआधी खोटा पाऊस पाडा

पावसाळ्याच्या दोन आठवडे आधी गच्ची झाडा, धुवा, धुतलेलं पाणी बाहेर सोडा. मग दोन माणसं लागतात, एक वर पाण्याची नळी घेऊन, एक खाली. एकेका तोंडात पाणी सोडत हे बघा:

१. सांध्यांतून गळती आहे का. कोरड्या कागदाने सांधा पुसून बघितला की बारीक गळती कळते.
२. फर्स्ट फ्लशचं पिंप भरल्यावर पाणी खरंच टाकीकडे वळतं का, आणि नंतर छिद्रातून झिरपून रिकामं होतं का.
३. टाकी काठोकाठ भरून ओव्हरफ्लो चालतो का. हे नळाच्या पाण्याने करायला जीवावर येतं, पण ओव्हरफ्लोची परीक्षा वादळी रात्री घेण्यापेक्षा बरं. तेच पाणी नंतर फ्लशला वापरा.
४. नळाचा पुरवठा मुख्य व्हॉल्व्हने बंद करा. ज्या नळांना आता पाणी यायला नको त्यांना येत असेल तर कुठेतरी दोन्ही लाइन जोडल्या गेल्या आहेत.

पहिल्या खऱ्या पावसात छत्री घेऊन एक फेरी मारा. पाइपाच्या बाहेरून भिंतीवर येणारा ओघळ तेव्हाच दिसतो.

## १२. पुढची निगा, आणि पिण्याबद्दल

पावसाळ्यात आठवड्याला एकदा जाळ्या आणि फर्स्ट फ्लशचं छिद्र. महिन्याला एकदा तळाची टोपी उघडून गाळ आणि झाकण उघडून अळ्या आहेत का ते. सलग तीन-चार कोरडे दिवस गेले की पुढच्या सरीआधी पिंप रिकामं आहे याची खात्री. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून घासणं. हे काम कुणाचं, हे नावानिशी ठरवा. इमारतीत 'सगळ्यांचं' काम म्हणजे कुणाचंच नाही.

पाण्याला वास आला तर तळाचा गाळ किंवा आत मेलेला जीव शोधा. हिरवट दिसलं तर उजेड कुठून येतोय ते. पिवळसर-तपकिरी असेल तर बहुधा पन्हाळीत पानं कुजत आहेत.

पिण्यासाठी वापरायचं असेल तर छत अॅस्बेस्टॉस, डांबर आणि शिशापासून मुक्त हवं, आणि प्रयोगशाळेत पाणी तपासून घेतलेलं हवं. आधी गाळून नितळ करा, गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. मग एक मिनिट खळखळून उकळा, दोन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटं. क्लोरीनच वापरायचं तर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे ४० मिली हजार लिटरला घाला. त्यातून लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रा मिळते. अर्धा तास थांबून शिल्लक क्लोरीन किटने तपासा, लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असायला हवं. सुगंध किंवा डिटर्जंट घातलेलं ब्लीच यासाठी चालत नाही. उकळण्याने किंवा क्लोरीनने जंतू मरतात, शिसं आणि काजळीतली रसायनं जात नाहीत. म्हणून रस्त्यालगतच्या छताचं पाणी मी फ्लशवरच थांबवीन.

पाऊस संपला की फर्स्ट फ्लशची टोपी काढून ठेवा, पाइप कोरडे होऊ द्या, बारीक गाळणीतलं कार्ट्रिज काढून वाळवा. टाकीत उरलेलं पाणी दोन-तीन आठवड्यांत संपवा आणि ती झाकूनच ठेवा.